साठ दिवसांचा उन्हाळा

चैत्र लागला की आमच्या सोलापुरात दहा वाजल्यापासूनच ऊन गच्चीवर पाय ठेवू देत नाही. शहाण्या बायका त्या उन्हात कुरडया घालतात, मिरच्या वाळवतात, शेवया पसरतात. मी मोजते. एक, दोन, तीन, असं चोविसापर्यंत. पौषात हेच मोजणं साठ-सत्तरावर जायचं, आभाळ आलं तर शंभराच्याही पुढं. कुणी विचारलं, काय मोजताय, तर व्यायाम आहे म्हणून सांगते. या वयात व्यायाम म्हटलं की कुणी पुढं काही विचारत नाही.

परवा अशीच मोजत उभी होते आणि माझी भाची फोन नाचवत वर आली. ती घरांचे नकाशे करते. तिनं घरात बसून पाठवलेला एक नकाशा घरात बसल्याबसल्याच मंजूर होऊन आला होता. ना कचेरीची पायरी, ना फाइल, ना शिपाई. वर मला शिकवायला लागली, की मावशी, ठरलेल्या दिवसांत त्यांचं उत्तरच आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं, असा नियमच आहे, तुला माहीत आहे का. मी म्हटलं, असेल बाई, आणि तिला शेवया उचलायला लावल्या. माझं काय बिघडलं ते तिला कळेना. बिघडलेलं फार जुनं होतं, तिच्या जन्माच्याही आधीचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी वीस वर्षांची होते आणि वसंतकाकांच्या कचेरीत ट्रेसर होते. म्हणजे काकांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं रेघा गिरवायच्या. वसंतकाका नात्यातले नव्हेत. माझे वडील, अण्णा, आणि ते जेऊरजवळच्या एकाच वाडीतले बालमित्र. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर झाले. काकांनी ओव्हरसियरची परीक्षा दिली, घरांचे नकाशे करायचं लायसन काढलं आणि एका कापडदुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत कचेरी थाटली. लोक त्यांना इंजिनियरसाहेब म्हणायचे, आणि ते कुणाची चूक दुरुस्त करायचे नाहीत.

मुलीनं असल्या जागी कामाला जायचं म्हणजे तेव्हा घरात बरीच चर्चा झाली. काकांनीच अण्णांना पटवलं. पेन कसं धरायचं, शाई सांडली तर ब्लेडनं कशी खरवडायची आणि मग तिथला कागद नखानं घासून पुन्हा गुळगुळीत कसा करायचा, हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. माझी एखादी रेघ छान आली की ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. त्या एका "हं"साठी मी दिवसभर मान वाकवून बसायची. मला ते फार आवडायचे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं सोपं वाटेल.

नकाशाच्या प्रती आम्ही उन्हावर काढायचो. गच्चीवर काचेची एक जड चौकट होती. तिच्यात पिवळसर कागद, त्यावर माझं ट्रेसिंग, त्यावर काच. चौकट उन्हात धरायची, मोजायचं आणि आकडा भरला की झटकन सावलीत आणायची. मग तो कागद पत्र्याच्या उंच नळकांड्यात उभा करायचा. तळाशी बशीत अमोनिया. त्याच्या वाफेनं रेघा जांभळ्या होऊन वर यायच्या आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागायच्या. दोन-चार आकडे जास्त मोजले गेले तर रेघाच उडायच्या. म्हणून मोजताना बोलायचं नाही हा काकांचा पहिला नियम. दुसरा नियम टपालाचा. आलेला लिफाफा आपण फोडायचा नाही, त्यांच्या टेबलावर ओळंब्याखाली ठेवायचा. गवंड्याचा तो पितळी ओळंबा काका कागद दाबायला वापरायचे.

आम्ही तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नव्हती. चुलीचा धूर दारातूनच काय तो बाहेर जायचा आणि आई पदरानं डोळे पुसत भाकरी थापायची. संध्याकाळी मी घरी आले की आम्हा दोघींचे डोळे लाल, तिचे धुरानं, माझे अमोनियानं. धाकटी बहीण म्हणायची, या घरात रोज कुणीतरी मेल्यासारखं दिसतंय. त्यातच घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि पावसाळ्याच्या आत खोल्या सोडा असं त्यांनी सांगितलं. कुंभारीच्या रस्त्याला अण्णांनी एक लहानसा प्लॉट घेऊन ठेवला होता. तिथं पावसाआधी घर उभं करायचं ठरलं.

त्या घराचा नकाशा मी काढला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या हातचा तो पहिला नकाशा. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं बसायला ओसरी. आईला विचारून स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी दाखवली. प्रत घरी आणली तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं, की यात ती खिडकी कुठली. मी दाखवल्यावर तिनं त्यावर नख ठेवून पाहिलं. नखाएवढीच होती. नवं बांधकाम लाल रंगानं भरायची पद्धत असते. तो लाल रंग आईच्या बोटाला लागला आणि तिनं तो दिवसभर धुतला नाही.

माघात बांधकामाच्या परवानगीसाठी सरकारी कचेरीत अर्ज दाखल झाला. त्या संध्याकाळी काका आमच्याकडं जेवायला होते. शेंगांची चटणी, ज्वारीची कडक भाकरी आणि वर कांदा, असला बेत त्यांना फार प्रिय. जेवता जेवता त्यांनी अण्णांना नियम समजावून सांगितला. अण्णांचं नाव नामदेव.

"नामदेवा, साठ दिवस मोज. व्हय म्हणाले तर चांगलंच. कायच न्हाय म्हणाले तरी ते व्हयच."

अण्णांना हा नियम भलताच आवडला. मुलाला प्रश्न विचारला आणि त्यानं तोंड उघडलं नाही तर त्याला पास करायचं, असं आपल्या शाळेत का नाही, असं ते म्हणाले, आणि दोघं वाडीतल्या पोरांसारखे हसत सुटले. दुसऱ्या दिवसापासून अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक बारीक फुली मारायला लागले.

अण्णांचा शाळेचा रस्ता त्या सरकारी कचेरीवरूनच जायचा. आई म्हणायची, येता-जाता एकदा आत जाऊन विचारा की, आपल्या कागदाचं काय झालं. अण्णा गेले नाहीत. काम वसंताकडं दिलंय, मग मी जाऊन चौकशी केली तर त्याचा अर्थ काय होतो, असं ते आईलाच उलट विचारायचे. आमच्या माणसांची ही रीतच आहे. परक्याकडं दिलेलं काम दहादा तपासतील. मित्राकडं दिलेल्या कामाकडं नुसतं पाहिलं तरी त्याचा अपमान होईल म्हणून धास्तावतील. अण्णा त्या कचेरीसमोरून जाताना समोरच्या बाजूच्या दुकानांच्या पाट्या वाचत जायचे. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. फुल्या वाढत होत्या आणि आम्ही सगळे खुशीत होतो.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी चौकट घेऊन गच्चीवर होते. चौदा-पंधरापर्यंत मोजलं असेल, तेवढ्यात सरकारी कचेरीचे शिपाई लतीफभाई जिना चढून थेट वर आले. खाली कुणी नव्हतं. एका हातात लिफाफा, दुसऱ्या हातात डिलिव्हरी बुक. "बाई, हितं सही करा, धूप लई हाय," असं म्हणत त्यांनी टोपीनं वारा घेतला. मोजताना बोलायचं नसतं. मी मनात आकडा धरून ठेवत सही केली, लिफाफ्यावरचं नावही न वाचता खाली धावले, तो टेबलावर ओळंब्याखाली सरकवला आणि परत वर आले. तोवर प्रत उडाली होती. अर्ध्या रेघा गायब. दुपारी काका आले आणि एवढा महागाचा कागद वाया घालवला म्हणून मला बोलले. म्हणून तर तो दिवस माझ्या पक्का लक्षात आहे. ते बोलत होते तेव्हा त्यांच्या एका हातात ती उडालेली प्रत आणि दुसऱ्या हातात ओळंबा होता.

साठ दिवस झाले. अण्णांचा मास्तरी स्वभाव, त्यांनी वर आणखी चार दिवस जाऊ दिले. मग काकांच्याच हातून नारळ फोडला. वरची काळी माती काढून खाली मुरूम लागला तेव्हा गवंड्यानं अण्णांना बोलावून दाखवला, आणि अण्णांनी मूठभर मुरूम रुमालात बांधून आईला आणून दिला. आई रोज संध्याकाळी तिकडं जाऊ लागली. पायाच्या चरांतून चालत ती स्वयंपाकघराच्या जागी उभी राहायची आणि पूर्वेकडं तोंड करायची. चार दगडांच्या त्या आखणीत तिला काय दिसायचं देव जाणे, पण मला ती इतकी तरुण त्याआधी कधी दिसली नव्हती.

तीन आठवड्यांनी काम थांबवायची नोटीस आली.

सरकारी कचेरीत अण्णा, मी आणि काका असे तिघं गेलो. कारकून सभ्य माणूस होता. त्यानं फाइल काढून आमच्यापुढं शांतपणे एकेक कागद उलटला. आमच्या मागच्या प्लॉटचे मालक बार्शीचे एक अडते होते. त्यांना तिथं गोडाऊन बांधायचं होतं. आमच्या कडेनं जाणारी पायवाट नसून ट्रक जाईल एवढा रस्ता आहे आणि आमची भिंत त्या रस्त्यात येते, अशी हरकत त्यांनी घेतली होती. तेव्हा प्लॉट पाडल्याचा मूळ नकाशा दाखवा आणि खुलासा करा, असं पत्र कचेरीनं साठ दिवसांच्या आत अण्णांच्या नावे, नकाशा करणाऱ्याच्या पत्त्यावर पाठवलं होतं. पत्र गेलं की दिवसांचं मोजणं तिथंच थांबतं. खुलासा आला नाही म्हणून अर्ज निकाली निघाला होता. आम्ही घरात फुल्या मारत होतो त्या नुसत्याच फुल्या होत्या.

अण्णा म्हणाले, असं पत्र आलेलंच नाही. कारकुनानं डिलिव्हरी बुक उघडलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाच्या पानावर माझी सही होती. मोजता मोजता केलेली, घाईची, पण माझीच.

मी काकांकडं पाहिलं. आता ते सांगतील, की हो, टेबलावर होतं, माझ्याच नजरेतून सुटलं. चूक कुणाचीही होते. ते माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि फार मायेनं म्हणाले, "शकू, अगं, मला द्यायचं राहिलं का?" मग अण्णांकडं वळून, "नामदेवा, पोर हाय. हुतं असं. तिला रागवू नगंस."

रागावले असते, ओरडले असते तर मी भांडले असते. त्यांनी तर मला सगळ्यांसमक्ष माफच करून टाकलं. माफ केलेल्या माणसानं काय बोलायचं असतं, हे मला आजवर कळलेलं नाही. कारकुनाला माझी दया आली असावी. पत्र मालकापर्यंत पोचलंच नाही असं दाखवता आलं तर महिन्याच्या आत अर्ज पुन्हा उघडता येईल, असं तो जाता जाता म्हणाला.

कचेरीला मी कधीच दोष दिला नाही. तिनं वेळेत पत्र लिहिलं आणि वेळेत आमच्या दारात पोचवलं. लोक येता-जाता कचेऱ्यांना शिव्या देतात तेव्हा मी गप्प बसते. मला फसवलं ते शेंगांची चटणी मागून मागून खाणाऱ्या माणसानं.

त्या रात्री आई मला खूप बोलली. तिचं तोंड सुटलं की सुटायचं. खिडकी गेली, घर गेलं, पाऊस आला तर जायचं कुठं, आणि एक कागद द्यायचा तुझ्या लक्षात राहत नाही. मी सांगत होते की दिला होता, टेबलावर ठेवला होता. अण्णा भिंतीला टेकून बसले होते.

चौथ्या दिवशी मी कामावर गेले. काका साइटवर गेलेले होते. त्यांच्या टेबलाचा खालचा खण मी त्याआधी कधी उघडला नव्हता. उघडला. आत गोडाऊनचा नकाशा होता. शाईचं काम काकांनी स्वतः केलेलं. कितीतरी दिवसांत शाईला हात न लावणाऱ्या माणसानं ते मला न सांगता, मी घरी गेल्यावर बसून केलं होतं. त्यांची उत्तर दिशा दाखवायची बाणाची तऱ्हा मी हजारांत ओळखेन, शेपटीला दोन फराटे. आमच्या कडेची पायवाट त्यात ऐसपैस रस्ता झाली होती. त्याच्याखाली प्लॉटचा मूळ नकाशा, त्यात मात्र ती पायवाटच होती, आणि त्याच्याही खाली तो लिफाफा. ब्लेडनं एका बाजूनं सरळ कापलेला. असा लिफाफा फक्त तेच उघडायचे.

अडत्याचं काम मोठं होतं. आज गोडाऊन, उद्या बार्शीत मुलांचे बंगले. अण्णांच्या दोन खोल्या त्यापुढं किती. हे मला तिथं उभ्याउभ्याच समजलं, आणि मग मी खाली बसून हमसून रडले. अमोनियाशिवाय त्या कचेरीत मी रडले ती तेवढीच.

मूळ नकाशा आणि लिफाफा ओढणीत गुंडाळून मी शाळा सुटायच्या वेळी अण्णांकडं गेले. वर्ग रिकामा होता. मी सगळं त्यांच्या टेबलावर मांडलं. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, अजून महिना झालेला नाही, आत्ताच जाऊ, कारकून अजून बसलेला असेल. अण्णांनी उठून वर्गाचं दार लोटून घेतलं.

मग म्हणाले, "हे दाखवलं तर त्याचं लायसन जाईल."

मी म्हटलं, जाऊ दे.

"शकू, सहा वर्षांचा असताना माझी आई गेली. मॅट्रिक हुईस्तोवर मी त्याच्या आईच्या हातचं खाल्लं. ती त्याला अर्धी भाकरी देयाची आणि मला बी अर्धीच. कधी त्याला जास्त दिली न्हाय." त्यांनी पत्र पुन्हा लिफाफ्यात घातलं. "जिथनं आणलंस तिथं ठेवून ये. आन् कुणी विचारलं तर तुझ्याकडनं राहिलं म्हण. तू ल्हान हाईस. तुझं लोक विसरत्याल. त्याचं न्हाय विसरायचे."

मी कारकुनाकडं जावं की न जावं, याचा विचार केला का? केला. शाळेपासून काकांच्या कचेरीपर्यंत पूर्ण रस्ताभर केला. उजवीकडं वळलं की कारकुनाची कचेरी होती. मी सरळ गेले. वडिलांचं ऐकायचं, एवढंच मला शिकवलेलं होतं, आणि ते शिकवणारे अण्णाच. लिफाफा खणात ठेवला, खण लावला आणि माझ्या टेबलाशी येऊन बसले. थोड्या वेळानं काका आले. मला पाहून जरा थांबले. मी म्हटलं, "काका, ते पत्र माझ्याकडूनच राहिलं." ते म्हणाले, "असू दे गं," आणि खिडकीकडं गेले. त्या महिन्याअखेरीस मी काम सोडलं.

पावसाळ्याआधी आम्ही दुसऱ्या भाड्याच्या खोल्यांत गेलो. प्लॉट पुढं अडत्यानंच घेतला. काका आमच्याकडं येत राहिले, जेवत राहिले. माझ्या लग्नात मामाच्या जागी तेच उभे होते. घरात मात्र माझं नाव विसरभोळी पडलं ते कायमचं. गॅस बंद केलास का, कुलूप ओढून पाहिलंस का, शकूला सांगू नका, ती विसरेल. माझी मुलंसुद्धा हसत हसत तेच म्हणतात. मला आजही चौदा-पंधरावर पडलेलं ते पाऊल ऐकू येतं, लतीफभाईंच्या टोपीचा घामट वास येतो, ओळंबा उचलताना लागलेला त्याचा गारवा तळहाताला जाणवतो. माझ्याइतकं लख्ख कुणाला काही आठवत असेल असं मला वाटत नाही. अण्णांनी उपकार फेडले ते माझ्या नावानं फेडले, आणि त्यासाठी माझी परवानगी कुणी मागितली नाही. मित्रानं अण्णांना फसवलं याचं दुःख मला कधीतरी कमी झालं. अण्णांनी मला वापरलं याचं अजून कमी होत नाही.

आई शेवटच्या आजारात होती तेव्हाही असाच चैत्र होता. मी तिच्या उशाशी बसले होते, अण्णा पायाशी बसून मोसंबं सोलत होते. काका जाऊन तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. आता लायसन जायचं नव्हतं, कुणाचं काही बिघडायचं नव्हतं. आईनं माझा हात धरला. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"शकू, त्या कागदावरनं मी तुला लई बोलले गं. मनात ठिवू नगंस. माणूस हाय, विसरतंय. मी कवाच सोडून दिलंय."

मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. सोलणारी बोटं थांबली होती. मी वाट पाहिली. मग त्यांनी एक फोड आईच्या हातावर ठेवली आणि दुसरी माझ्यापुढं धरली.

मी म्हटलं, "व्हय, आई." आणि फोड घेतली.